दाराआडची उपासना : व्हायकिंगांचा धर्म आणि एकट्याची साधना

#थ्रेड

१/१३
आज युरोप-अमेरिकेत अनेक माणसे घरातल्या कोनाड्यात थोर किंवा ओडिन यांच्या नावाने मेणबत्ती लावतात, मद्य अर्पण करतात, रून अक्षरांनी कौल लावतात. आपण व्हायकिंगांचाच धर्म पाळतो, अशी त्यांतील कित्येकांची श्रद्धा असते. इतिहासाच्या कसोटीवर हे कितपत टिकते? त्या काळातला माणूस एकट्याने देवाशी कसा बोलत असे? या प्रश्नाचा हा मागोवा.

२/१३
आरंभ शब्दापासून करू. जुन्या नॉर्स भाषेत ‘धर्म’ या अर्थाचा स्वतंत्र शब्द नव्हता. जो होता तो ‘सिद्र’, म्हणजे रीत. ख्रिस्ती धर्म आला तेव्हा तो ‘नवा सिद्र’ ठरला आणि आधीचा ‘जुना सिद्र’. मराठीत याच्या सर्वांत जवळ जाणारा शब्द बहुधा ‘कुळाचार’ हाच. संस्थापक नाही, धर्मग्रंथ नाही, श्रद्धेची प्रतिज्ञा नाही. ‘ब्लोत’ म्हणजे पशुबळी आणि त्यानंतरची सामुदायिक मेजवानी, हा या रीतीचा कणा.

३/१३
अडचण साधनांची आहे. नॉर्स देवकथा आपल्याला मुख्यतः स्नोरी स्टुर्लुसनच्या ‘एडा’मुळे (सुमारे इ.स. १२२०) आणि ‘कोडेक्स रेगियस’ या हस्तलिखितामुळे (सुमारे १२७०) माहीत आहेत. तोवर आइसलँड ख्रिस्ती होऊन दोन शतके उलटली होती. शिवाय या ग्रंथांत कथा विपुल, विधी अत्यल्प. देवांनी काय केले ते कळते. माणसे देवांसाठी काय करीत ते फारसे कळत नाही. म्हणून समकालीन साक्षी शोधाव्या लागतात.

४/१३
पहिली साक्ष एका परक्याची. इ.स. ९२२ मध्ये बगदादच्या खलिफाच्या शिष्टमंडळातून आलेल्या इब्न फदलानने व्होल्गाकाठी ‘रुस’ व्यापारी पाहिले. हे बहुतांशी स्कँडिनेव्हियन वंशाचे असावेत, असे बहुसंख्य अभ्यासक मानतात. नाव किनाऱ्याला लागताच व्यापारी भाकरी, मांस, कांदे, दूध आणि मद्य घेऊन उतरे. माणसाचा चेहरा कोरलेल्या उंच लाकडी खांबापुढे लोटांगण घाली, आपण किती माल आणला ते सांगे आणि घासाघीस न करणारा, गाठीला भरपूर पैसा असलेला गिऱ्हाईक मागे.

५/१३
माल खपला नाही तर तो पुन्हा भेट घेऊन येई. तरीही जमले नाही तर भोवतीच्या लहान मूर्तींकडे रदबदली मागे. विक्री झाली की बळी देऊन काही मांस वाटून टाकी, उरलेले तिथेच ठेवी. रात्री ते कुत्री खात. सकाळी व्यापारी म्हणे, देवाने माझी भेट स्वीकारली. मराठी वाचकाला इथे नवस बोलणे आणि फेडणे आठवेल. हे साम्य नात्यामुळे आलेले नाही. पण देण्याघेण्याचा तो व्यवहार समजायला त्याची मदत होते.

६/१३
दुसरी साक्ष दुःखाची. आइसलँडचा कवी एगिल स्काल्लाग्रिमसन याचा मुलगा बोड्वार समुद्रात बुडाला. सागाकथा सांगते की एगिलने अन्नपाणी सोडले आणि मुलीने युक्तीने त्याला कविता रचायला लावली. ती कविता, ‘सोनाटोर्रेक’, बहुतेक अभ्यासक इ.स. ९६० च्या सुमाराची मानतात. तीत कवी ओडिनवर रुसतो, मैत्री मोडल्याचा आरोप करतो. आणि याच देवाने आपल्याला काव्यकला दिली, हेही मान्य करतो. इथे देवाशी नाते व्यक्तिगत आहे, भांडण्याइतके जवळचे आहे.

७/१३
हे नाते एकनिष्ठही नव्हते. आइसलँडच्या वसाहतीचा वृत्तांत असलेल्या ‘लांदनामाबोक’नुसार हेल्गी नावाचा वसाहतकार ख्रिस्ताला मानी; समुद्रप्रवासात आणि बिकट प्रसंगी मात्र थोरचा धावा करी. डेन्मार्कमध्ये ट्रेंडगार्डन येथे दहाव्या शतकातील एक दगडी साचा सापडला. त्यात क्रूस आणि थोरचा हातोडा दोन्ही ओतता येत. कारागिराकडे दोन्ही गिऱ्हाइके येत होती. कदाचित एकच गिऱ्हाईक दोन्ही मागत असेल.

८/१३
तिसरी साक्ष बंद दाराची. इ.स. १०१८च्या आसपास नॉर्वेच्या राजाचा ख्रिस्ती दरबारी कवी सिग्वात्र स्वीडनकडे निघाला होता. एका घरी त्याने आसरा मागितला. दारातल्या बाईने त्याला आत येऊ दिले नाही : घरात ‘आल्फाब्लोत’, म्हणजे अदृश्य अशा ‘आल्फ’ शक्तींचा बळीविधी चालू आहे आणि आपल्याला ओडिनच्या कोपाची भीती वाटते. पाहुणचार हे ज्या समाजात मोठे कर्तव्य, तिथे हा नकार लहान नाही. आत काय चालले होते ते इतिहासाला कळले नाही, कारण साक्षीदार उंबऱ्याबाहेरच राहिला.

९/१३
आता निर्णायक प्रसंग. इ.स. ९९९ किंवा १०००, आइसलँडची देशसभा आल्थिंग. जुन्या आणि नव्या रीतीचे लोक वेगळे कायदे करण्याच्या बेताला आलेले. निवाडा थोर्गेइर या कायदा-वक्त्यावर सोपवला गेला. तो स्वतः जुन्या रीतीचा. आरी थोर्गिल्सनच्या ‘इस्लेंडिंगाबोक’नुसार तो एक दिवस आणि रात्र अंगावर पांघरूण घेऊन निःशब्द पडून राहिला. उठल्यावर त्याने निकाल दिला : कायदा एकच हवा, कायदा फुटला तर शांतताही फुटेल. सर्वांनी बाप्तिस्मा घ्यावा.

१०/१३
या निकालात सवलती होत्या. नवजात अर्भकाला उघड्यावर टाकून देणे आणि घोड्याचे मांस खाणे यांबाबत जुनाच कायदा राहील. आणि ज्याला बळी द्यायचा असेल त्याने तो गुपचूप द्यावा; साक्षीदार निघाले तर मात्र तीन वर्षांची हद्दपारी. थोड्याच वर्षांत या सवलतीही रद्द झाल्या. पण त्या एका कलमाचा अर्थ फार मोठा आहे. गावजेवणावर उभा असलेला धर्म कायद्याने एका खोलीत कोंडला गेला.

११/१३
रुस व्यापारी भर बंदरावर नवस बोलत होता. एगिलचा रुसवा काव्य होऊन लोकांत गेला. व्यक्तिगत भक्ती तेव्हाही होती. ती कुटुंब, शेजार आणि ऋतू यांच्या चौकटीत होती. एकट्याने, कोणाला न कळता करायची उपासना ही त्या धर्माची मूळ घडण नव्हे. ती त्याची अखेरची अवस्था होय. आज पुस्तके वाचून एकट्याने आचार घडवणारा साधक व्हायकिंगांच्या मेजवानीपेक्षा थोर्गेइरच्या त्या कलमाचा वारस अधिक आहे.

१२/१३
मधल्या पोकळीत बरेच काही भरले गेले. व्हायकिंग काळच्या रूनमालेत १६ अक्षरे होती. ऑस्ट्रियाच्या गुइडो फॉन लिस्टने १९०८ साली १८ रूनांची ‘प्राचीन’ माला छापली. ती त्याची स्वतःची कल्पना होती. वंशशुद्धीच्या त्या वातावरणातूनच पुढे नाझींच्या एसएस दलाने रून चिन्हे उचलली. कौल लावण्याच्या आजच्या संचांतला ‘कोरा रून’ तर राल्फ ब्लम यांच्या १९८२च्या पुस्तकाने रूढ केला. आणि ‘शुद्ध रक्ताच्या’ नॉर्स धर्माचा दावा? ज्या साच्यातून क्रूस आणि हातोडा दोन्ही निघत, तो साचाच त्याचे उत्तर आहे.

१३/१३
१९७२ साली स्वेनब्योर्न बेन्तेन्सन या शेतकरी-कवीच्या पुढाकाराने आइसलँडमध्ये ‘आउसात्रू’ संघटना स्थापन झाली. १९७३ मध्ये तिला सरकारी मान्यता मिळाली. आज तिचे सभासद ५,००० हून अधिक आहेत. पशुबळी नाही, एकत्र जमणे आणि मेजवानी मात्र आहे. एक डोळ्याचा देव आठ पायांच्या घोड्यावरून खरोखर फिरतो असे कोणी मानत नाही, या कथा रूपके आहेत, असे तिच्या प्रमुखांनी जाहीरपणे म्हटले आहे. मला यात प्रामाणिकपणा दिसतो. तुटलेली परंपरा पुन्हा जोडता येते, तो माणसाचा अधिकार आहे. फक्त सांधा कुठे आहे ते दाखवावे. इतिहासाची मागणी एवढीच आहे.

#समाप्त
प्रश्न, शंका आणि मतभेद यांचे खाली स्वागत आहे.