बस सुटायला आठ तास

माणसं सोळा, बॅगा एकवीस, खोल्या पाच. मुक्काम चंदीगडच्या सेक्टर २२ मध्ये, दिवस तिसरा आणि शेवटचा. दुपारी दोन चाळीसला अमृतसरची बस, तिथे रात्र काढून दुसऱ्या दिवशी घुमान. सोळाच्या सोळा जागा मी महिनाभर आधी राखून ठेवल्या होत्या. तिकिटाच्या आठ झेरॉक्स काढून घरटी वाटल्या होत्या. पुढे जे झालं त्यात तिकीट नव्हतं अशी तक्रार कोणीही करू शकत नाही.

सकाळी ६.४०. आठ तास बाकी.

खिडकीबाहेर काहीच नव्हतं. रात्री तिथे एक झाड, एक बंद दुकान आणि एक उभी रिक्षा होती, सकाळी तिन्हींच्या जागी धुकं. आपल्याकडे धुकं म्हणजे माळशेज, भजी आणि फोटो. इथे ते डोंगरावरून उतरत नाही, जमिनीतून वर येतं. रात्री वारा पडला, ओली शेतं गारठली, की सगळा पंजाब पांढऱ्या चादरीखाली जातो आणि सूर्य वर यायला दहा-अकरा वाजवतो.

पाच गिझरपैकी तीन चालू होते. आंघोळीचा क्रम मी आदल्या रात्री कागदावर लिहून प्रत्येक दाराला चिकटवला होता. अण्णांनी तो वाचलाच नाही. माझे वडील, वय ८४. साडेपाचला गार पाण्यानं उरकून, बुक्का लावून, कानटोपी घालून ते पलंगावर तयार बसले होते. त्या दिवशी एकादशी होती.

ही सहल मुळात त्यांची. संत नामदेवांनी आयुष्याचा मोठा काळ जिथे काढला ते गुरदासपूर जिल्ह्यातलं घुमान एकदा डोळ्यांनी पाहायचं, एवढीच इच्छा. नामदेवांची ६१ पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत हे ते शेजाऱ्यांनासुद्धा सांगत. २०१५ साली ८८वं साहित्य संमेलन घुमानला भरलं तेव्हा त्यांचा गुडघा दुखावला होता, तेव्हापासून हे राहिलं होतं. मग त्या एका इच्छेला प्रत्येकानं आपापलं जोडलं. मुलांना थंडी हवी होती, ताईला फुलकारी, काकूंना सुवर्णमंदिर. दाजींना चंदीगड. दाजी नवी मुंबईत नकाशे काढता काढता निवृत्त झालेले. हे शहर आखणाऱ्या ल कॉर्बुझिएचं नाव ते कुलदैवतासारखं घेतात.

सकाळी ८.१५. साडेसहा तास बाकी.

नाश्त्याला आलूपराठे. अण्णांना चहा आणि दोन केळी. हिशेब करताना हॉटेलच्या मुलानं तिकिटाकडे पाहिलं आणि म्हणाला, "बस तैंतालीस से मिलेगी जी."

मी मान हलवली. हिंदीतले आकडे विसाच्या पुढे गेले की माझी मान आपोआप हलते. तैंतीस, तैंतालीस, तिरपन, तिरसठ, हे सगळं मला एकाच गावचं वाटतं. पण तिकिटावरही 'आयएसबीटी ४३' असंच छापलेलं होतं, म्हणजे अर्थ सरळ होता: फलाट क्रमांक त्रेचाळीस.

"एवढ्याशा स्टँडात त्रेचाळीस फलाट?" थोरल्या भावानं विचारलं.

"मी सत्त्याण्णव साली आलोय इथे," मी म्हणालो. खरंच आलो होतो. तेव्हा चंदीगडचं बसस्थानक म्हणजे सेक्टर १७ चं, दुसरं मला कोणी दाखवलं नव्हतं. ते आमच्या हॉटेलातून रस्ता ओलांडला की समोर. हॉटेल तिथे घेण्याचं कारणच ते.

वाद तिथेच संपला. आमच्या घरात 'मी आधी येऊन गेलोय' या वाक्यावर अपील नाही.

सकाळी १०.२०. सव्वाचार तास बाकी.

खोल्या सोडल्या. एकवीस बॅगा काउंटरमागे रचल्या. दीडला येऊन उचलायच्या, तोवर सेक्टर १७ मध्ये फिरायचं.

रस्ता ओलांडताना दाजींचं सुरू झालं. इथला सेक्टर म्हणजे साधारण ८०० बाय १२०० मीटरचा आयत. आपण राहिलो तो २२ सर्वांत आधी वसलेल्यांपैकी. शहर आखताना १३ हा आकडा वगळला होता, पण गंमत बघा, समोरासमोरचे सेक्टर जोडा: चार आणि नऊ तेरा, नऊ आणि सतरा सव्वीस, सतरा आणि बावीस एकोणचाळीस. ठिकठिकाणी तेराचाच पाढा.

"आम्हाला काय सेक्टर शिकवता," वहिनी म्हणाली. "आम्ही वाशी सेक्टर सतराच्या."

हे खरं होतं आणि तेच नडलं. सेक्टर या शब्दाची आम्हाला भीती उरलेली नाही. आमच्याकडे वाशीलाही सतरा आहे, ऐरोलीलाही आणि कोपरखैरण्यालाही. आकडा नुसता असतो, माणूस विचारत विचारत पोचतो. इथे आकडा शहरात एकदाच येतो. सतरा म्हणजे सतराच, त्रेचाळीस म्हणजे त्रेचाळीसच. हे वाक्य त्या क्षणी कोणी माझ्यासमोर उच्चारलं असतं, तर.

सकाळी ११.०५. साडेतीन तास बाकी.

धुकं वर सरकलं आणि सतराचा चौक दिसला.

चौक हा शब्द अपुरा पडतो. पुण्यामुंबईत एवढी मोकळी फरसबंदी दिसली की माणूस विचारतो, इथे काय व्हायचंय? इथे काहीच व्हायचं नाही, हे असंच आहे. गाड्यांना आत मज्जाव, माणसांनी पायी फिरायचं. भोवती एकाच उंचीच्या इमारती, उघड्या काँक्रीटचे तेच ते खांब, तेच ते व्हरांडे. त्यांच्याखाली स्वेटरची, चपलांची, पुस्तकांची दुकानं. एका टोकाचा फोटो काढून दुसऱ्या टोकाचा म्हणून खपवता येईल. पत्तेसुद्धा 'एससीओ' आणि आकडा, म्हणजे वर ऑफिस, खाली दुकान. गल्ली नाही, बोळ नाही, मारुतीचं देऊळ नाही, 'देवळाच्या डाव्या हाताला' असं म्हणायची सोय नाही.

आदल्या दिवशी आम्ही रॉक गार्डनला होतो. नेकचंद नावाच्या रस्त्यांच्या कामावरच्या माणसानं फुटक्या बांगड्या, बशा, विजेचे सॉकेट जमवून सरकारच्या नकळत वर्षानुवर्षं उभारलेली ती नगरी, १९७६ साली लोकांसाठी उघडली. तिथली दारं इतकी बुटकी की प्रत्येकाला वाकून एकेकट्यानंच यावं लागतं. मी प्रत्येक दारापाशी उभा राहून मोजत होतो. पंधरा आणि मी सोळा. दिवसभरात एकदाही चुकलं नाही. आत्यानं आपली पिचलेली बांगडी तिथे टाकू का म्हणून विचारलं, तेवढंच.

सतरात मी तीन वेळा मोजलं. चौदा, सतरा, पंधरा. सतराव्या होत्या त्या आत्यासारखीच शाल घेतलेल्या एक परक्या बाई.

सकाळी ११.४५. तीन तासांना पाच मिनिटं कमी.

उन्हाची तिरीप आली आणि कुटुंब विरघळलं. ताई, वहिनी, काकू फुलकारीकडे. दाजी एका खांबाकडे तोंड करून उभे, त्यांचं दर्शन चाललेलं. मोठी मुलं छोले-भटूरे शोधायला. आई आणि अण्णा बाकावर उन्हाला, जवळ लहानांतले दोघं: भावाचा बारा वर्षांचा मुलगा आणि ताईची नऊ वर्षांची धाकटी.

"सव्वा एकला सगळे कारंज्यापाशी," मी ओरडलो. चौघांनी हात वर केले. बाकीच्यांनी केले नाहीत याची नोंद मी तेव्हा घेतली नाही.

दुपारी १२.२०. दोन तास वीस मिनिटं बाकी.

हा भाग नंतर जुळवलेला आहे.

अण्णांना भूक लागली. नातू म्हणाला, तिकडे एक भय्या निखाऱ्यावर रताळी भाजतोय. थंडीत इकडे शकरकंदीच्या गाड्या लागतात. लिंबू आणि मसाला चोळून द्रोणात देतात. उपासाचा माणूस, समोर भाजलेलं रताळं आणि बाकावर बसल्याबसल्या डुलकी लागलेली आई. अण्णा दोन्ही नातवंडं घेऊन उठले. आपला फोन त्यांनी आईच्या पिशवीत ठेवलेला, हातमोज्यांतून बटणं दाबता येत नाहीत म्हणून. नातवाच्या फोनमध्ये सकाळपासूनच्या खेळानंतर चार टक्के उरले होते.

गाडीपाशी एक वयस्क सरदारजी शकरकंदीच खात उभे होते. अण्णांनी मसाला नको म्हणून खुणा केल्या. उपास कसला, कुठून आलात, कुठे चाललात, असं होत होत घुमानचं नाव निघालं. मग भगत नामदेवजी. मग सरदारजींनी रताळ्याचे पैसे दिले, तिकिटाची झेरॉक्स हातात घेतली, नीट वाचली (तिकीट वाचणारा त्या दिवसातला हा पहिला माणूस) आणि म्हणाले, बाबाजी, मी त्याच बाजूला जातोय, सोडतो तुम्हाला. अण्णांनी वारीत आयुष्य घातलेलं. वाटेत कोणी पाणी दिलं, गाडीत घेतलं, की नाही म्हणायचं नसतं.

दुपारी १.१५. एक तास पंचवीस मिनिटं बाकी.

कारंज्यापाशी नऊ जण. दीडपर्यंत तेरा.

आई म्हणाली, "आत्ता तर होते." तिचं 'आत्ता' सव्वा तासाचं निघालं.

दुपारी १.२४.

माझ्या फोनवर अनोळखी नंबर. वैयक्तिक कर्ज हवंय का विचारणाऱ्यांचे त्या महिन्यात रोज चार फोन येत होते. मी कापला. १.२६ ला पुन्हा, पुन्हा कापला. "माणूस हरवलाय आणि यांना कर्ज सुचतंय," असं मी सर्वांसमोर म्हणालो. ते वाक्य पुढे मला बऱ्याच वेळा ऐकवलं गेलं.

दुपारी १.५०. पन्नास मिनिटं बाकी.

चौकात चार दिशांना चौघे पाठवले. एक जण नीलम सिनेमापाशी थांबला. दोघं एकाच व्हरांड्यातून दोनदा गेले, कारण तो तोच आहे हे त्यांना कळलं नाही. काकूंनी एका दुकानदाराला अण्णांचं वर्णन सांगितलं: म्हातारे, कानटोपी, शाल. त्यानं चौकाकडे हात केला. उन्हात बसलेले निदान वीस जण तसेच होते.

दाजी पहिल्यांदाच कॉर्बुझिएविरुद्ध बोलले. "एक तरी वळण ठेवायचं होतं यानं."

पोलिसांत जावं की थांबावं, हे चालू असताना भाऊ म्हणाला, "झेरॉक्स आहे ना त्यांच्याकडे? स्टँडवर गेले असतील."

सगळ्यांचे चेहरे एकदम सैल झाले. अण्णा तसेच आहेत. पंढरपुरात चुकामूक झाली की कोणाला शोधत बसत नाहीत, सरळ फडावर जाऊन बसतात.

दुपारी २.२८. बारा मिनिटं बाकी.

हॉटेलातून बॅगा ओढत, सतराचं बसस्थानक. तेरा माणसं, सोळांचं सामान. मी पुढे पळत फलाटांचे आकडे वाचत होतो. त्रेचाळीस काही येईना.

शेजारच्या बसच्या दारातून कंडक्टर ओरडत होता, "पानीपत! पानीपत! पानीपत!"

मराठी माणसाला दुपारी अडीच वाजता, थंडीत, उत्तरेत, माणसं हरवलेली असताना ही हाक ऐकवत नाही. आम्ही सगळे थबकलो. १४ जानेवारी १७६१ लाही दुपारपर्यंत आपलं बरं चाललेलं होतं. आणि भाऊसाहेबांच्या फौजेबरोबरही असाच कुटुंबकबिला, यात्रेकरू, बाजारबुणगे आणि बिनकामाचं सामान होतं. दाजींनी तोंड उघडलं. ताईनं नुसतं पाहिलं. त्यांनी मिटलं.

दुपारी २.३६. चार मिनिटं बाकी.

चौकशीची खिडकी. मी तिकीट आत सरकवलं. आतल्या माणसानं ते पाहिलं, मला पाहिलं, मागच्या एकवीस बॅगा पाहिल्या.

"ये तो सत्रह है जी. यहाँ से दिल्ली, हरियाणा. आपकी बस तैंतालीस से है."

"हाँ, फलाट तैंतालीस."

"फलाट नहीं जी. सेक्टर."

शहराला बसस्थानकं दोन. पंजाब आणि हिमाचलच्या गाड्या दुसऱ्यावरून सुटतात. तिथवर पाच-सहा किलोमीटर. रिक्षानं, सामान नसेल तर, पंधरा मिनिटं.

दुपारी २.४०.

मागे वळून कुटुंबाला सांगावं लागतं, तो क्षण. कोणी ओरडलं नाही. आई बॅगेवर बसली. भाऊ म्हणाला, "सत्त्याण्णव साली."

दुपारी २.४७.

तोच अनोळखी नंबर नव्हता, तिसराच होता. या वेळी उचलला. आधी कंडक्टर: पाच मिनिटं थांबलो जी, आता निघालो, तुमची तेरा सीटं रिकामी आहेत. मग खरखर, मग अण्णा.

"अरे, सगळी गाडी आपलीच दिसते. पोरं खिडकीला बसलीत. तुम्ही कुठे आहात?"

"अण्णा, तुम्ही उतरा तिथेच."

"उतरू कसा? घुमानची वाट धरली आणि उतरू? तुम्ही मागच्या गाडीनं या. त्या भल्या माणसानं तुला दोन फोन केले म्हणे, तू घेतले नाहीस." मग थोडं थांबून, मुलांना सांगतात तसं: "आधी सगळ्यांना नीट मोजून घे."

मी मोजलं. बारा आणि मी तेरा. पहिल्या फटक्यात बरोबर.

"माणसं ठीक आहेत," मागून काकू म्हणाल्या. "पण बॅगा वीसच आहेत रे."