मावळची चूल

सह्याद्रीच्या माथ्यावर सुमारे २००० फूट उंचीवर वसलेल्या लोणावळ्यात आणि तेथून पूर्वेकडे उतरत जाणाऱ्या नाणे, पवन व आंदर या मावळांत गारठ्याचा खरा जाच पौष-माघापेक्षा आषाढ-श्रावणात होतो. घाटमाथ्यावर वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो, दिवसचे दिवस सूर्यदर्शन घडत नाही, आणि कारवीच्या कुडाच्या, शेणामातीने लिंपलेल्या घरात जमीन, अंथरूण, धान्य व सरपण ही सारीच ओलावतात. अशा समयी ज्या घरात विस्तव टिकला, त्या घरातील लेकरे आणि म्हातारीकोतारी माणसे तगली, असा येथील पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे.

म्हणूनच आगोटीच्या बेगमीत तांदळामिठाइतकेच सरपणाला महत्त्व असे. चैत्र-वैशाखात बाया डोंगरातून मोळ्या आणीत, गोवऱ्या थापून, वाळवून, पेंढ्याखाली शाकारून ठेवीत. आणि मृगाचे ढग दिसू लागताच हा संचय चुलीवरच्या माळ्यावर चढे. चुलीच्या शेजारी वैल असे. त्याला स्वतःचे जळण नाही. चुलीत उरलेली ज्वाळा आतल्या भोकातून त्याच्याकडे वळे, आणि भाकरी भाजून होईपर्यंत त्यावरची आमटी शिजे अथवा पाणी तापे. रात्री निखारा राखेखाली पुरून पहाटे फुंकून फुलविला जाई. गोठा घराच्याच छपराखाली असल्याने गुरांच्या अंगची ऊब माणसांना मिळे, आणि जो धूर डोळ्यांना व छातीला इतका घातक, तोच छपराच्या गवताला व बांबूला कीड लागू देत नसे आणि माळ्यावरच्या ओल्या काटक्या वाळवी. ज्यांना आपण अडाणी म्हणत आलो, त्या बायकांनी उष्णतेचा एवढासा अंशही वाया जाऊ दिला नव्हता, हे मला मोठ्या आदराने नमूद करावेसे वाटते.

ही व्यवस्था मोडली ती जंगलाच्या बाजूने. १८७८ च्या वनकायद्याने डोंगर राखीव झाले, आणि ज्या फाट्यावर गावाचा पिढीजात हक्क होता, त्यासाठी वनरक्षकाची मर्जी सांभाळणे कुणबी-ठाकरांच्या नशिबी आले; महात्मा फुल्यांनी १८८३ साली लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जंगलखात्याविरुद्ध जी तक्रार मांडली आहे, ती या डोंगराळ मुलखासही तंतोतंत लागू पडते. १८६३ मध्ये बोरघाटाचा लोहमार्ग पुरा झाला होताच. पुण्या-मुंबईच्या शेगड्यांना कोळसा हवा होता, आणि सह्याद्रीच्या रानोमाळ भट्ट्या लावून तो पाडण्याचे काम बव्हंशी कातकऱ्यांकडे आले. ठेकेदाराकडून आगाऊ उचल घ्यावी, कुटुंबकबिल्यासह भट्टीवर राबावे, आणि पावसाळ्यात परतून गळक्या खोपटात ओल्या जळणावर कुडकुडत बसावे, हे या जमातीचे वार्षिक चक्र होऊन बसले.

याच भूमीतून विजेचा उगम व्हावा, हा इतिहासातील मोठा विसंवाद होय. ८ फेब्रुवारी १९११ रोजी लोणावळ्यास टाटांच्या जलविद्युत योजनेची कोनशिला बसली. लोणावळा, वळवण व शिरवता येथील तलावांचे पाणी सुमारे १७०० फूट खाली खोपोलीस उतरवून १९१५ पासून मुंबईच्या गिरण्या चालू लागल्या, आणि १९२२ साली आंदर मावळातील ठोकरवाडीचे पाणी भिवपुरीस वीज निर्माण करू लागले. मुळशीकरांनी १९२१ मध्ये सेनापती बापटांसह टाटांच्या धरणाविरुद्ध आरंभिलेला सत्याग्रह सर्वश्रुत आहे. परंतु जमिनी बुडण्याच्या त्या दुःखाबरोबर हेही दुःख स्मरले पाहिजे की, आपल्या पाण्यावर परक्या शहराचे दिवे उजळत असताना धरणालगतच्या वाड्यांतून पुढे कित्येक दशके रॉकेलची चिमणीच मिणमिणत होती.

चूल सुधारण्याचा विचार मात्र खेड्यांकडे पाहणाऱ्या माणसांनी केला. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाच्या वर्ध्याच्या मगनवाडीतून धुराडे असलेली ‘मगन चूल’ पुढे आली. १९८० नंतरच्या दशकात केंद्र सरकारने सुधारित चुलींची राष्ट्रीय योजना हाती घेतली, ती २००२ पर्यंत चालली. ठरावीक संख्येच्या चुली मांडल्या की काम झाले, अशा वृत्तीने जेथे ती राबविली गेली तेथे चुली लवकरच मोडकळीस आल्या. कारण ठेंगण्या गवती छपरातून धुराडे काढणे जोखमीचे, आणि धुरावाचून छपराला कीड लागण्याचे भय निराळेच. पुण्याच्या डॉ. आनंद कर्वे यांनी १९९६ मध्ये उभारलेल्या समुचित ग्रामीण तंत्रज्ञान संस्थेने गावोगावच्या कुंभारांना व कारागिरांना चुली घडविण्यास शिकविले, म्हणजे दुरुस्त करणारा हात गावातच राहिला. हा मार्ग मला अधिक शहाणपणाचा वाटतो. या संस्थेच्या ‘लक्ष्मी’ चुलीत एकाच जळणावर दोन भांडी तापतात, आणि वैलाचे तत्त्वही याहून वेगळे नव्हते.

२०१६ पासून उज्ज्वला योजनेने गॅसचे सिलिंडर पाड्यापर्यंत पोहोचविले, आणि स्वयंपाकाच्या धुरातून पुष्कळ स्त्रियांची काही अंशी सुटका झाली, ही थोर गोष्ट होय. परंतु गॅसच्या शेगडीने श्रावणात घोंगडी वाळत नाही, न्हाणीचे पाणी तापविणे परवडत नाही, म्हणून सिलिंडरशेजारी चूल पेटतेच. आणि पत्रा घातलेल्या घरकुलात गवताच्या छपराची ऊबही आता उरलेली नाही. कातकरी वाडीत न गळणारे छप्पर आणि कोरडे सरपण ठेवावयास आडोसा, या दोन गोष्टींची तजवीज मृगापूर्वी होणे आजही तितकेच निकडीचे आहे.