हाताला काम मिळालं, मजुरीचं काय?

भारतात शेतीखालोखाल सर्वांत जास्त माणसं बांधकामावर पोट भरतात. इथे कोणी शिक्षण विचारत नाही, भांडवल लागत नाही. घमेलं उचलता आलं की काम मिळतं. एका इमारतीच्या मागे वीटभट्टी, सिमेंट, सळई, ट्रक, चहाची टपरी असं सगळं चालतं. म्हणूनच शेती बुडाली की राज्यकर्त्यांना पहिल्यांदा बांधकाम आठवतं.

लखनौचा बडा इमामबाडा घ्या. १७८४च्या दुष्काळात नवाब आसफ-उद-दौला यांनी तो बांधायला काढला, तो लोकांना काम मिळावं म्हणून. पण काम देणं ही अर्धीच गोष्ट. मी नेहमी दुसरा प्रश्न विचारतो: मजुरी किती?

१८७७ साली दक्षिण भारतात भीषण दुष्काळ होता. सरकारने रस्ते, कालवे, खडी फोडणं अशी कामं काढली. खर्च आवरायला पाठवलेल्या सर रिचर्ड टेंपल यांनी दर ठरवला: पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्य आणि एक आणा. एक पौंड म्हणजे अर्ध्या किलोहूनही कमी. मुंबई इलाख्यात हजारो मजूर कामं सोडून निघून गेले आणि पुण्याची सार्वजनिक सभा त्यांच्या बाजूने उभी राहिली. मद्रासमध्ये सरकारचेच आरोग्य अधिकारी डॉ. कॉर्निश यांनी सांगितलं, एवढ्या अन्नावर अंगमेहनत होत नाही. शेवटी दर वाढवावा लागला.

आता शंभर वर्षं पुढे येऊ. देश स्वतंत्र झालेला, दिल्लीत १९८२च्या एशियाडसाठी स्टेडियम आणि उड्डाणपूल उभे राहत होते. रोजची किमान मजुरी होती सव्वानऊ रुपये. त्यातला एक रुपया मुकादम कापून घेत. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. न्या. भगवतींनी निकाल दिला: किमान मजुरीपेक्षा कमी पैशांत राबवणं ही वेठबिगारीच, संविधानाच्या कलम २३चा भंग. उपासमारीच्या भीतीने पत्करलेलं काम हे राजीखुशीचं नसतं, हे त्या निकालाचं सार मला फार मोलाचं वाटतं.

पुढे १९९६ साली बांधकाम मजुरांसाठी स्वतंत्र कायदा आला. बांधकामाच्या खर्चावर किमान एक टक्का उपकर, आणि त्यातून मजुरांचं कल्याण. अट अशी की मजुराची नोंदणी हवी, आणि नोंदणीसाठी वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा पुरावा हवा. आज या साइटवर, उद्या त्या गावात असणाऱ्या माणसाने तो आणायचा कुठून? मार्च २०२०मध्ये टाळेबंदी लागली, तेव्हा केंद्राने राज्यांना या निधीतून मजुरांच्या खात्यात पैसे टाकायला सांगितलं. ज्यांची नोंदणीच नव्हती, त्यांना त्यातलं काही मिळणार नव्हतं.

तुमच्या गल्लीत एखादी इमारत उठत असेल, तर तिथल्या मजुरांना एवढंच विचारा: तुमची नोंदणी झाली आहे का? उत्तरं खाली कळवा.