काजव्यांचा हिशेब

पेशींना ऊर्जा पुरवणाऱ्या 'एटीपी' या संयुगाची ओळख आपण उच्च माध्यमिक वर्गात करून देतो. त्याच्या अभ्यासाला काजव्यांचा आणि शाळकरी मुलांचाही हातभार लागला आहे, हे मात्र क्वचितच सांगतो.

राफाएल द्युब्वा या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८८५ च्या सुमारास प्रकाशणाऱ्या भुंगेऱ्यांवर प्रयोग केले. प्रकाशासाठी दोन द्रव्ये लागतात, त्यांपैकी एक उष्णतेने निकामी होते, असे त्याला आढळले. तापवल्यावरही टिकणाऱ्या द्रव्याला पुढे ल्युसिफेरिन आणि निकामी होणाऱ्या विकराला ल्युसिफेरेज ही नावे मिळाली. १९४७ मध्ये विल्यम मॅक्एलरॉय यांनी अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात दाखवून दिले, की काजव्यांच्या अर्काचा विझलेला प्रकाश एटीपी घालताच पुन्हा उजळतो. एटीपी प्रत्येक जिवंत पेशीत असते. त्यामुळे काजव्यांचा अर्क हे जिवंतपणा ओळखण्याचे साधनच ठरले. प्रकाश किती पडतो, हे मोजून पाण्यातील किंवा अन्नातील जिवाणूंचा अंदाज बांधता येऊ लागला.

पण अर्कासाठी काजवे हवेत! मॅक्एलरॉय यांनी बाल्टिमोरच्या मुलांना शेकडा पंचवीस सेंट देऊन ते गोळा करवले. पुढे सेंट लुईसच्या सिग्मा कंपनीने मुलांचे मंडळच काढले. वर्षाला तीस लाखांच्या घरात काजवे पकडले जाऊ लागले. १९८५ मध्ये ल्युसिफेरेजचे जनुक वेगळे करून जिवाणूत घालण्यात आले. आता हे विकर प्रयोगशाळेत तयार करता येणार होते. १९९० च्या दशकाच्या मध्यास कंपनीची खरेदी थांबली.

मग काजवे सुरक्षित झाले का? नाही. बहुतेक काजव्यांचे आयुष्य मुख्यतः अळीच्या रूपात जाते. ओल्या मातीत आणि पाचोळ्यात राहून ती गोगलगायी, गांडुळे खाते. पाचोळा झाडून नेला, गवत सतत कापले, कीटकनाशक फवारले, की तिचे घर आणि अन्न दोन्ही जाते. प्रौढ काजव्यांना दिवे नडतात. अनेक जातींत नर उडताना खूण करतो, मादी गवतातून उत्तर देते. झगमगाटात हा संवाद तुटतो.

अमेरिका व कॅनडातील काजव्यांच्या जातींच्या स्थितीचा आढावा २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे १४ टक्के जाती धोक्यात आढळल्या. निम्म्याहून अधिक जातींबाबत निष्कर्ष काढण्याइतकी माहितीच नव्हती. पकडलेल्या काजव्यांचे पैसे शेकड्याने मोजले गेले, पण अंगणात किती उरले याच्या पद्धतशीर नोंदी फारशा झाल्या नाहीत. ही उणीव भरण्यासाठी बोस्टनच्या विज्ञान संग्रहालयाने २००८ पासून सामान्य लोकांना आपापल्या अंगणातले काजवे, न पकडता, मोजायला सांगितले.

आपल्याकडेही पावसाळ्याच्या तोंडावर भंडारदऱ्याच्या परिसरात काजवे पाहायला गर्दी लोटते. पण शाळेच्या आवारातले आणि गावच्या ओढ्याकाठचे काजवे कोण मोजतो? आवाराच्या एका कोपऱ्यात पाचोळा न जाळता राहू द्यावा, तिथे स्थानिक झाडे-गवते वाढू द्यावीत, फवारणी टाळावी, रात्रीचे अनावश्यक दिवे मालवावेत. आणि मे-जूनमध्ये मुलांनी घराजवळची एक ठरावीक जागा निवडून दर आठवड्याला ठरल्या वेळी दहा मिनिटे दिसलेल्या चमका वहीत लिहाव्यात. एका वर्षाच्या आकड्यांना फारसा अर्थ नसेल. दहा वर्षांची वही मात्र, काजवे घटले की टिकले, हे पुराव्यानिशी सांगू शकेल.