आधी बाग, मग घरे : ‘फाइव्ह गार्डन’ची जन्मकथा

प्रतिनिधी, मुंबई

अँटॉप हिलच्या सरकारी वसाहतीतून निघावे, वडाळा स्थानकाशी हार्बर मार्गाचे रूळ ओलांडावेत आणि पश्चिमेकडे माटुंग्याच्या दिशेने चालू लागावे. थोड्याच अंतरावर शहराचा चेहरा बदलतो. रस्ते रुंद होतात, दोन्ही कडांची झाडे माथ्यावर एकमेकांना भिडतात आणि रस्त्यांनी विभागलेल्या पाच बागा समोर येतात. महापालिकेच्या दप्तरी त्यांना मंचेरजी जोशी यांचे नाव आहे, तर लोकांच्या तोंडी मात्र एकच नाव रुळले आहे, ‘फाइव्ह गार्डन’. सकाळी फिरायला येणारे ज्येष्ठ नागरिक, संध्याकाळी चेंडूफळी घेऊन धावणारी मुले, परीक्षेच्या दिवसांत वह्या उघडून बसणारे आसपासच्या महाविद्यालयांचे विद्यार्थी, अशा सर्वांचीच ही हक्काची जागा आहे.

एवढी मोकळी जमीन मुंबईच्या मध्यभागी शिल्लक राहिली कशी, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही. त्याचे उत्तर सव्वाशे वर्षांपूर्वीच्या एका साथीत आणि त्या साथीनंतर कागदावर ओढल्या गेलेल्या काही रेषांत सापडते.

प्लेगने दिलेला धडा

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात प्लेगचे पहिले रुग्ण आढळले. डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी या रोगाचे निदान केले. मांडवी म्हणजे गोदीला लागून असलेली धान्याची पेठ. कोठारे, उंदीर आणि दाटीची वस्ती तिथे एकत्र नांदत होती. साथ पसरू लागताच लोक शहर सोडून जाऊ लागले. १८९१ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या ८ लाख २१ हजारांच्या पुढे होती. १९०१ मध्ये ती ७ लाख ७६ हजारांवर आली. वाढत्या शहराची लोकसंख्या दहा वर्षांत घटावी, ही त्या काळी धक्कादायक बाब होती.

सरकारने पहिल्या टप्प्यात सक्तीचे उपाय योजले. घरांची झडती, रुग्णांना बळजबरीने रुग्णालयात नेणे, कुटुंबीयांचे विलगीकरण या साऱ्यामुळे लोकांत संताप उसळला आणि मार्च १८९८ मध्ये शहरात दंगलही झाली. नुसत्या बळाने साथ आटोक्यात येत नाही, हे तोवर प्रशासनाच्या लक्षात येऊ लागले होते. उजेड आणि वारा नसलेल्या खोल्यांत रोग फोफावतो, अशी त्या काळच्या वैद्यकाची धारणा होती. त्यामुळे रोग्याबरोबर घराचाही विचार करणे भाग पडले. त्यातूनच १८९८ च्या कायद्यान्वये ‘बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ अर्थात नगर सुधार न्यासाची स्थापना झाली.

न्यासाचे दुहेरी काम

न्यासाने जुन्या शहरात दाट वस्त्या पाडून रुंद रस्ते काढले. प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड हे त्याचेच काम. समुद्राकडून येणारा वारा वस्तीत खेळावा, हा त्यामागचा हेतू होता. परंतु पाडकाम जेवढ्या वेगाने झाले, तेवढ्या वेगाने गरिबांसाठी नवी घरे उभी राहिली नाहीत. विस्थापित माणसे शेजारच्या गल्लीत सरकली आणि तिथली दाटी आणखी वाढली. ही टीका न्यासावर त्या काळातही झाली आणि पुढच्या अभ्यासकांनीही ती केली.

न्यासाच्या कामाची दुसरी बाजू शहराच्या उत्तरेला होती. मध्यमवर्गाला राहण्याजोगी नवी वसाहत उत्तरेकडे वसवली, तर जुन्या शहरातील जागा मोकळी होईल आणि कामगारांना ती मिळेल, असा हा विचार होता. त्यासाठी दादर-माटुंगा, शीव-माटुंगा आणि शिवडी-वडाळा या पट्ट्यांच्या योजना १८९९-१९०० च्या सुमारास आखण्यात आल्या. शेते, ताडामाडाच्या वाड्या आणि विखुरलेली गावठाणे असे या भागाचे तेव्हाचे स्वरूप होते. पूर्वेला अँटॉप हिलची टेकडी आणि तिच्या पलीकडे खाडीकाठची मिठागरे होती.

आराखड्यात दादर-माटुंगा आणि शीव-माटुंगा येथे प्रत्येकी ६० हजार, तर शिवडी-वडाळा भागात ८५ हजार लोकांच्या वस्तीचा अंदाज धरला होता. इमारती तीन मजल्यांहून उंच नसाव्यात, रस्ते आखीव असावेत आणि घरांबरोबरच दुकाने व शाळा यांनाही जागा असावी, अशी ही रचना होती. मुंबईतील नियोजित उपनगराचा हा पहिला मोठा प्रयत्न मानला जातो.

उजेडाचे गणित

न्यासाचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांच्या नावाशी जोडला गेलेला एक नियम इथे सांगण्यासारखा आहे. खोलीत पुरेसा उजेड यायचा, तर भिंतीच्या पायथ्यापासून ६३.५ अंशांच्या कोनात ओढलेली रेषा समोरच्या इमारतीला न अडता आकाशाला भिडली पाहिजे, असा हा नियम होता. साध्या भाषेत सांगायचे, तर समोरची इमारत जेवढी उंच, त्याच्या किमान निम्म्या रुंदीची जागा मधे मोकळी हवी. चाळीस फूट उंचीच्या इमारतीसमोर वीस फूट मोकळे अंतर, असा त्याचा हिशेब.

मोकळी जागा ही त्या काळच्या नियोजनकारांच्या दृष्टीने चैनीची वस्तू नव्हती. ती आरोग्याच्या गणितातील एक संख्या होती. इमारतींमधील अंतर, रस्त्यांची रुंदी आणि बागा या तिन्ही गोष्टी याच हिशेबात बसत होत्या. ‘फाइव्ह गार्डन’कडे या नजरेने पाहिले, तर ती केवळ शोभेची बाग उरत नाही.

आराखडा तयार असला तरी प्रत्यक्ष वसाहत उभी राहायला दोन दशके लागली. जमिनींचे संपादन किचकट ठरले. अनेक प्रकारचे हक्क, वहिवाटी आणि भरपाईचे वाद होते. त्यातच पहिले महायुद्ध आले. भूखंड भाडेपट्ट्याने देऊन बांधकामांना खरा वेग आला तो १९२० च्या दशकात. त्याच सुमारास, १९२३ मध्ये, आज ‘व्हीजेटीआय’ या नावाने ओळखली जाणारी तंत्रशिक्षण संस्था भायखळ्याहून माटुंग्याला आली. पुढे रुईया आणि खालसा ही महाविद्यालये आली आणि हा परिसर विद्यार्थ्यांचाही झाला.

जोशी यांचा आग्रह

या इतिहासातील मध्यवर्ती नाव म्हणजे मंचेरजी एदलजी जोशी. आडनावावरून वाचकांचा गैरसमज होऊ शकतो, पण ते पारशी होते आणि नगर सुधार न्यासात अभियंता म्हणून काम करत होते. फोर्ट आणि आसपासच्या भागातील दाटीत राहणाऱ्या कनिष्ठ मध्यमवर्गीय पारशी कुटुंबांना परवडणारी, हवेशीर घरे मिळावीत, ही त्यांची तळमळ होती. नव्या योजनेतील १०३ भूखंड पारशी समाजासाठी राखून ठेवण्यास त्यांनी न्यासाला राजी केले. त्यातून दादर पारशी कॉलनी आकाराला आली.

जोशी भूखंड मिळवून थांबले नाहीत. एकही घर उभे राहण्यापूर्वी कोणत्या रस्त्यावर कोणती झाडे आणि फुले लावायची, याचाही आराखडा त्यांनी तयार करून घेतला होता, असे कॉलनीच्या इतिहासात नोंदले आहे. जाम-ए-जमशेद रस्त्याला अशोकाची रांग मिळाली, फिरदौसी रस्त्याला महोगनी आणि लेडी जहांगीर रस्त्याला वर्षावृक्ष. आज या रस्त्यांवर भर दुपारीही जी सावली मिळते, तिचा हिशेब शंभर वर्षांपूर्वी मांडला गेला आहे. अशोकाची झाडे सरळ वर जातात, वर्षावृक्ष छत्रीसारखा पसरतो. त्यामुळे रस्त्यागणिक झाड निराळे असले की सावलीचा पोतही निराळा होतो. नुसती फिरायला निघालेली व्यक्तीही हा फरक सहज टिपू शकते.

या वसाहतीचे आणखी एक वैशिष्ट्य उद्यानाच्या दृष्टीने महत्त्वाचे ठरले. मुंबईतील पारशी वसाहती बहुधा ‘बाग’ या नावाने ओळखल्या जातात आणि त्यांना कुंपण व प्रवेशद्वार असते. कुलाब्याची खुसरो बाग किंवा लालबागची नवरोज बाग ही त्याची उदाहरणे. दादर पारशी कॉलनीला मात्र भिंत नाही. तिच्या रस्त्यांवरून कोणीही जाऊ शकतो आणि तिच्या लगतच्या पाचही बागांत कोणीही बसू शकतो. हिंदू कॉलनी, माटुंग्यातील दक्षिण भारतीय आणि गुजराती वस्ती, वडाळ्यातील कामगार आणि अँटॉप हिलचे सरकारी कर्मचारी या साऱ्यांची मुले याच हिरवळीवर खेळत मोठी झाली, याचे कारण ती नसलेली भिंत आहे.

बंगला नव्हे, ब्लॉक

उपनगर म्हटले की बंगला आणि त्याभोवती खासगी बाग, ही विलायती कल्पना होती. दादर-माटुंग्यात तसे घडले नाही. जमिनीचे मोल आणि मध्यमवर्गाची ऐपत यांचा मेळ बसला तो दोन-तीन मजली इमारतीतील स्वतंत्र ‘ब्लॉक’मध्ये. स्वतःचे स्वयंपाकघर, स्वतःचे न्हाणीघर, पण स्वतःचे अंगण मात्र नाही, असे हे घर होते. म्हणूनच सार्वजनिक बागेला इथे अंगणाचे स्थान मिळाले. दुपारी आजी-आजोबांनी नातवंडांना घेऊन जावे, रात्री जेवणानंतर कुटुंबाने फेरफटका मारावा, अशी ती जागा बनली.

याच काळात लोहमार्गाच्या पश्चिमेला दादरमध्ये महापालिकेने १९२५ मध्ये माहीम पार्क खुले केले. १९२७ मध्ये शिवजन्माच्या त्रिशताब्दीच्या निमित्ताने नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने त्याला शिवाजी पार्क हे नाव मिळाले. ते मैदान सभा, क्रिकेट आणि चळवळींमुळे राज्याच्या इतिहासात गेले. ‘फाइव्ह गार्डन’च्या वाट्याला तशी कीर्ती आली नाही. घरगुती जिव्हाळा मात्र तिला भरपूर मिळाला.

राखण कोणाची?

१९३३ मध्ये नगर सुधार न्यास महापालिकेत विलीन झाला आणि न्यासाच्या जमिनी, रस्ते व बागा पालिकेकडे आल्या. आज हा परिसर पालिकेच्या ‘एफ उत्तर’ विभागात येतो. अँटॉप हिलही याच विभागात आहे. एकाच विभागातील या दोन ठिकाणांची तुलना उद्बोधक आहे. ‘फाइव्ह गार्डन’च्या परिसरात बागेची जागा आधी ठरली आणि घरे तिच्याभोवती उभी राहिली. अँटॉप हिलच्या बाजूला स्वातंत्र्योत्तर काळात केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची मोठी वसाहत आली, भोवती झोपडवस्ती वाढली आणि अलीकडच्या काळात टोलेजंग इमारतींची भर पडली. माणसे आधी येतात आणि मोकळ्या जागेचा शोध नंतर सुरू होतो, तेव्हा तो शोध किती अवघड होतो, हे तेथील रहिवाशांना वेगळे सांगण्याची गरज नाही.

‘फाइव्ह गार्डन’ही निर्धास्त नाही. विकास आराखड्यातील आरक्षण आणि १९७५ चा वृक्षसंरक्षण कायदा ही तिची कायदेशीर ढाल आहे. मात्र बागेचे आरक्षण बागेपुरतेच असते. भोवतालच्या इमारती जुन्या झाल्या असून त्यांच्या पुनर्विकासाचा प्रश्न उभा आहे. तीन मजल्यांच्या जागी कित्येक पट उंच इमारत आली, तर त्याच बागेवर माणसांचा आणि वाहनांचा भार वाढेल, शिवाय उजेडाचे जुने गणितही बदलेल. २०१२ मध्ये वारसा यादीत नव्या स्थळांची भर घालण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा दादर-माटुंग्यातील जुन्या वसाहतींचे नावही चर्चेत आले. वारसा जपला जावा, असे म्हणणारे होते, तसेच दुरुस्ती आणि पुनर्बांधणीवर बंधने येतील म्हणून धास्तावलेले रहिवासीही होते. दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य होते.

दुसरा प्रश्न देखभालीचा. मोकळ्या जागा खासगी संस्थांना दत्तक देण्याचे धोरण पालिकेने जानेवारी २०१६ मध्ये मंजूर केले, तेव्हा नागरिकांतून तीव्र विरोध झाला आणि मुख्यमंत्र्यांनी त्याला स्थगिती दिली. २०२३ मध्ये नव्या मसुद्याच्या रूपाने हा वाद पुन्हा समोर आला. संस्थेने बाग राखायची म्हणून घेतली आणि पुढे तिला फाटक लावले तर काय, ही भीती निराधार नव्हती. मुंबईत अशी काही मैदाने सामान्यांना दुरावल्याचा अनुभव लोकांच्या गाठीशी होता.

तिसरा प्रश्न झाडांचा. शंभरीकडे झुकलेल्या वर्षावृक्षांवर मुंबईभर पिठ्या ढेकणाचा प्रादुर्भाव झाला आणि गेल्या दशकात शहरातील अशी अनेक झाडे वाळली. बुंध्याभोवती काँक्रीट ओतल्याने मुळे गुदमरतात आणि झाड अशक्त होते. जुने झाड पडल्यावर त्या जागी त्याच जातीचे रोप लावायचे, की मातीला मानवणारे देशी झाड, हाही निर्णय आज ना उद्या घ्यावा लागेल. तो घेणाऱ्याला जोशी यांच्याप्रमाणेच शंभर वर्षांपुढचे पाहावे लागेल.

कॉलनीत मंचेरजी जोशी यांचा पुतळा आहे. बागेत रोज येणाऱ्यांपैकी किती जणांना त्यांचे कार्य ठाऊक असेल, हे सांगणे कठीण. पण वाहने, भोंगे आणि बांधकामाची धूळ मागे टाकून माणूस इथल्या बाकावर टेकतो, तेव्हा ती जागा विकायची नाही असे कोणीतरी आधीच ठरवून ठेवले होते, एवढे तरी ध्यानात असावे. वडाळा आणि अँटॉप हिलच्या बाजूला नव्या वसाहतींचे नकाशे आजही मंजूर होत आहेत. त्या नकाशांवर बागेची रेषा घरांच्या आधी ओढली जाते की नंतर, यावर पुढच्या शंभर वर्षांची सावली अवलंबून आहे.