दंतोत्पाटन व अक्कलदाढ

जबड्याच्या अस्थीतील खळग्यात रुजलेला दात मुळांसह बाहेर काढण्याच्या शस्त्रक्रियेस दंतोत्पाटन म्हणतात. कीड खोलवर जाऊन ज्याचे भरणे वा रूट कॅनाल करणे व्यर्थ झाले आहे असा दात, पायोरियाने आधार खचून हलू लागलेला दात, आघाताने उभा चिरलेला दात आणि वाकडे दात तारेने रांगेत आणताना जागेसाठी बळी द्यावी लागणारी उपदाढ, ही तिची नेहमीची निमित्ते होत. परंतु दंतवैद्याच्या दवाखान्यात सर्वाधिक भीती व खर्च जिच्या वाट्याला येतो ती अक्कलदाढ असल्यामुळे प्रस्तुत नोंदीत तिला अधिक जागा दिली आहे.

दात ओढून काढला जातो, ही सार्वत्रिक समजूत खरी नव्हे. दाताचे मूळ अस्थीला थेट चिकटलेले नसते. सूक्ष्म तंतूंच्या पातळ वेष्टनाने ते खळग्यात धरून ठेवलेले असते, आणि दंतवैद्याचे सारे कसब हे तंतू तोडण्यात व खळगा रुंदावण्यात असते. रुग्ण जिला पक्कड म्हणतात त्या फोर्सेप्सची चोच प्रथम दाताच्या मानेखाली, मुळाच्या दिशेने रेटली जाते; मग दात गालाकडे व जिभेकडे सावकाश झुकविला जातो, एकच वाटोळे मूळ असलेला वरचा पुढचा दात असेल तर स्वतःभोवती फिरविला जातो, आणि खुंटा उपटणारा शेतकरी आधी तो हलवून भोवतीची माती सैल करतो त्याप्रमाणे अस्थी पुरेशी पसरल्यावरच दात उचलला जातो. घाईने ओढलेल्या दाताचे मूळ आत मोडते, आणि मोडके मूळ काढणे हे अखंड दात काढण्याहून कितीतरी जिकिरीचे काम होय.

या विद्येचा भारतीय दाखला प्राचीन आहे. सुश्रुतसंहितेत शस्त्रांच्या गणनेत दंतशंकू हे दातांसाठीचे शस्त्र येते. आणि मुखरोगांच्या प्रकरणात अधिमांस नावाचा जो विकार वर्णिला आहे, म्हणजे जबड्यातील सर्वांत मागच्या दाताजवळ मोठी सूज, तीव्र वेदना व लाळेचा स्राव, तो वाचताना अक्कलदाढेवरील हिरडी सुजलेला आजचा रुग्णच डोळ्यांपुढे उभा राहतो. मात्र त्याच संहितेत वरचा दात, तो हलत असला तरीही, वैद्याने काढू नये, काढल्यास अतिरक्तस्रावाने मनुष्य काणा होतो अथवा त्यास अर्दित म्हणजे चेहऱ्याचा पक्षाघात होतो, असाही निषेध आहे. वरची दाढ काढली की नजर जाते, ही महाराष्ट्रात अद्याप घरोघरी ऐकू येणारी धास्ती या निषेधाशी इतकी जुळते, की दोहोंचे नाते नाकारणे अवघड आहे. शारीरशास्त्र या धास्तीला आधार देत नाही. दृष्टीचा मज्जातंतू निराळा, दातांचा निराळा, आणि एकाला धक्का लागल्याने दुसरा निकामी होत नाही. तथापि वरच्या दातांतील पू चेहऱ्याच्या शिरांवाटे डोळ्यामागील भागापर्यंत चढू शकतो, हे सत्य आहे. प्राचीन निरीक्षकांनी असे रुग्ण पाहून दोष रोगाऐवजी शस्त्रक्रियेवर ठेवला असावा, असा तर्क करण्यास हरकत नाही. व्यवहारात मात्र लोक भितात वरच्या दाढेला, आणि खरी जोखीम असते खालच्या अक्कलदाढेत.

माणसाच्या 32 कायम दातांपैकी चारही कोपऱ्यांतील या शेवटच्या दाढा साधारणपणे 17 ते 25 या वयात उगवतात. तोवर जबड्याची वाढ बहुतांशी पुरी झालेली असते व पुढील जागा इतर दातांनी अडविलेली असते. त्यामुळे दाढ तिरपी होऊन शेजारणीवर कलते, कधी पूर्ण आडवी पडते, कधी अस्थीतच गाडलेली राहते. खालच्या जबड्यात पुढे कललेली दाढ सर्वांत अधिक आढळते. सुमारे पाचात एका माणसास निदान एक अक्कलदाढ मुळातच नसते, आणि त्याचे त्यास कधी वैषम्य वाटल्याचे ऐकिवात नाही. अर्धवट उगवलेल्या दाढेवर हिरडीचा जो पदर उरतो त्याखाली अन्नकण कुजतात, वरची दाढ त्यावरच चावते, सूज येते, आणि दोन बोटेही शिरू नयेत इतका जबडा आखडतो. तेथे साचलेला पू जिभेखाली व गळ्याकडे उतरला म्हणजे श्वासमार्ग दाबला जाऊन प्राणावर बेतते. 1836 साली लुडविग या जर्मन वैद्याने वर्णिलेला आणि त्याच्याच नावाने ओळखला जाणारा विकार तो हाच. दाढ काढल्याने दगावणाऱ्यांपेक्षा ती काढण्याचे लांबणीवर टाकल्याने संकटात येणाऱ्यांची भीती वैद्यांना अधिक वाटते ती यामुळे.

अठराव्या शतकात युरोपात दात काढण्याचे प्रमुख हत्यार म्हणजे किल्ली. तिचा आकडा दातास अडकवून कुलपातल्याप्रमाणे ती फिरवीत, आणि दाताबरोबर जबड्याचा तुकडाही निघून येई. प्रत्येक दाताच्या मानेच्या घडणीबरहुकूम निराळी चोच असलेले फोर्सेप्स लंडनच्या जॉन टोम्स यांनी 1840 नंतरच्या दशकात प्रचारात आणले. त्याच दशकात वेदनेचाही बंदोबस्त झाला. अमेरिकेतील हार्टफर्ड गावी होरेस वेल्स या दंतवैद्याने 11 डिसेंबर 1844 रोजी नायट्रस ऑक्साइड हुंगून स्वतःचाच दात सहकाऱ्याकडून काढवून घेतला, आणि 30 सप्टेंबर 1846 रोजी बॉस्टनमध्ये दंतवैद्य मॉर्टन यांनी ईथर देऊन एका रुग्णाचा दात काढला. पंधरवड्यानंतर हेच ईथर शल्यगृहात जाऊन पोहोचले, म्हणजे सकल शल्यशास्त्राला भूल मिळवून देण्याचे श्रेय ठणकणाऱ्या दाताला द्यावे लागते. दवाखान्यात आज ज्यावर काम चालते ते जागा बधिर करणारे लिग्नोकेन 1943 साली स्वीडनमध्ये लोफग्रेन यांनी सिद्ध केले.

हिंदुस्थानात दंतवैद्यकाचे पहिले महाविद्यालय रफिउद्दीन अहमद यांनी 1920 साली कलकत्त्यास काढले. मुंबईचे नायर दंत महाविद्यालय 1933 चे. 1948 च्या दंतवैद्य कायद्याने नोंदणीवाचून हा व्यवसाय करण्यास बंदी आली, तरी रस्त्याच्या कडेला सतरंजी पसरून दात काढणारे त्यानंतरही दीर्घ काळ दिसत राहिले.

खालच्या अक्कलदाढेच्या शस्त्रक्रियेपूर्वी एक्सरे काढणे अपरिहार्य असते, कारण ओठ व हनुवटीला संवेदना पुरविणारा मज्जातंतू ज्या नलिकेतून जातो ती नलिका दाढेच्या मुळांना पुष्कळदा लगटून असते. जबड्याच्या आतील बाजूस सुई दिल्यावर काही मिनिटांत अर्धा ओठ बधिर होतो. वेदना थांबते, दाब थांबत नाही. हे आधी सांगितले नसेल तर रुग्ण दाबालाच वेदना समजून खुर्चीत ताठ होतो. मग हिरडी कापून उचलतात, दाढेवरील अस्थी फिरत्या बरने कोरतात आणि उष्णतेने ती करपू नये म्हणून तीवर सलाइनची धार धरतात. आडवी दाढ अखंड निघत नाही. तिचे डोके व मुळे वेगळी करून तुकडे काढावे लागतात, आणि ती दुभंगताना होणारा कडकड असा आवाज अस्थीतून थेट कानात जात असल्यामुळे रुग्णास प्रत्यक्षाहून मोठा भासतो. खळगा धुऊन टाके घालतात व ते सुमारे आठवड्याने काढतात. मज्जातंतूस इजा झाल्यास ओठ वा जीभ बधिर राहते. बहुतेकांत संवेदना काही आठवड्यांत वा महिन्यांत परतते, कायमचे बधिरत्व शंभरात एकाहूनही कमी रुग्णांत आढळते. मुळे मज्जातंतूस बिलगलेली असतील तर केवळ डोके कापून मुळे आत राहू देण्याची तजवीजही करतात.

मुळीच त्रास न देणारी दाढ काढावी काय, याविषयी एकमत नाही. अमेरिकेत तरुणपणीच त्या काढून टाकण्याकडे कल असतो, कारण मुळे अपुरी व अस्थी लवचिक असताना जखम लवकर भरते. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने मात्र 2000 साली निरोगी दाढा केवळ प्रतिबंधासाठी काढू नयेत, असा दंडक घातला. वारंवार सुजणारी किंवा शेजारच्या दाढेस कीड लावणारी दाढ काढण्यात विलंब नसावा, पण नुसती आहे एवढ्याच अपराधासाठी तिला शिक्षा देणे उचित दिसत नाही.

दात काढल्यावर खळग्यात साकळणारे रक्त हेच जखमेचे आच्छादन होय. म्हणून गॉजचा बोळा अर्धा-पाऊण तास दाबून धरावयाचा, पहिला दिवस थुंकावयाचे नाही, चूळ जोराने भरावयाची नाही; कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या दुसऱ्या दिवसापासून. साकळलेले रक्त निघून गेल्यास तिसऱ्या-चौथ्या दिवशी, सूज ओसरत असतानाच, कानापर्यंत चढणारी कळ सुरू होते; यास ड्राय सॉकेट म्हणतात, आणि खळगा धुऊन लवंगतेलयुक्त औषधाची पट्टी भरल्यावर ती बहुधा शमते. धूम्रपानाने हा उपद्रव वाढतो. आपल्याकडे सिगारेट मना करून भागत नाही; तंबाखू बंद ठेवा असे सांगितल्यावर जी बाई निमूट मान हलविते तिच्या लेखी मिशरी ही तंबाखू नसून दंतमंजन असते, आणि म्हणून तिचे नाव घेऊन स्वतंत्र ताकीद द्यावी लागते.