कर्णा, परवाना आणि शेजारी



भाषणास आरंभ करण्यापूर्वीं एक गोष्ट कबूल करतों. माझें बोलणें आपणांस कंटाळवाणें वाटलें, तर हाताशीं असलेलें बटण फिरवून आपण मला गप्प करूं शकतां. आपल्या घरांत शिरण्याची मला मिळालेली परवानगी आपलीच आहे, व ती आपणांस क्षणांत परत घेतां येते. पण गल्लीच्या तोंडाशीं खांबाला बांधलेला कर्णा बोलूं लागला, कीं तसें बटण आपल्या हातीं नसतें. तें कोणाच्या हातीं असावें, या एका प्रश्नाचा इतिहास आज थोडक्यांत सांगावयाचा आहे.

गोंगाटाची तक्रार नवी नाहीं. इ. स. पूर्व ४५ च्या सुमारास ज्यूलियस सीझरच्या नांवाशीं जोडल्या गेलेल्या एका कायद्यानें रोम शहरांत दिवसाच्या वेळीं मालाच्या गाड्या आणण्यास बंदी झाली. रस्ते मोकळे झाले खरे. पण त्याच गाड्या रात्रीं फरसबंदीवरून खडखडत जाऊं लागल्या. पुढें दीडशें वर्षांनीं जुव्हेनल या उपहासकवीनें, रोममधील बहुतेक आजारी माणसें झोंपेवांचून मरतात, अशा आशयाचें गाऱ्हाणें आपल्या काव्यांत मांडलें. दिवसा हाकललेला गोंगाट रात्रीच्या दारानें परत येतो, हा धडा त्या नगरीनें जगास फार पूर्वींच दिला.

आतां रोमहून एकोणिसाव्या शतकांतील लंडनला येऊं. तेथें रस्तोरस्तीं दांडा फिरवून वाजविण्याच्या पेटीवाल्यांचा सुळसुळाट झाला होता. गणितयंत्राची कल्पना करणारा प्रसिद्ध विद्वान चार्ल्स बॅबेज या वादकांना इतका त्रासला, कीं त्यानें त्यांच्याविरुद्ध जणूं युद्धच पुकारलें. अखेर पार्लमेंटचे सभासद मायकेल बॅस यांच्या खटपटीनें १८६४ सालीं रस्त्यांतील वादनाविषयीं कायदा झाला. त्या कायद्याचें तत्त्व लक्षांत ठेवण्याजोगें आहे. घरांत कोणी आजारी असेल, अथवा गोंगाटामुळें नित्याच्या कामांत व्यत्यय येत असेल, तर घरमालकानें स्वतः किंवा नोकराकरवीं वादकास दूर जाण्यास सांगावें. न ऐकल्यास तो वादक दंडास पात्र होई. म्हणजे तेथें बटण ऐकणाऱ्या गृहस्थाच्या हातीं दिलेलें होतें.

त्याच सुमारास आपल्या देशांत काय झालें पाहा. १८६१ सालच्या पोलीस कायद्याच्या तिसाव्या कलमांत मिरवणुकींचें नियमन आलें, व सणसमारंभांच्या प्रसंगीं रस्त्यांत वाद्यें किती प्रमाणांत वाजवावीं हें ठरविण्याचा अधिकार पोलीस अधिकाऱ्यास मिळाला. परवाना मागावयाचा तो पोलिसांकडे, आणि परवान्याचा हेतु रस्त्यांत बंदोबस्त राहावा हा. मुंबईंत १८९३ सालीं झालेल्या दंग्यानंतर तर मिरवणूक आणि वाद्यें हा विषय सरकारी दृष्टीनें अधिकच नाजूक बनला. वाद्य वाजल्यानें दंगा होईल काय, एवढीच चिंता. वाद्य वाजल्यानें कोणाची झोंप मोडेल काय, हा प्रश्न कागदावर आलाच नाहीं. बटण येथें बंदोबस्ताच्या शिपायाच्या हातीं गेलें, व पुष्कळ काळ तेथेंच राहिलें.

त्या काळीं यांत फारसें बिघडत नसे, याचेंही कारण आहे. ढोल वाजविणाऱ्याचे हात दुखतात, सनईवाल्याचा दम संपतो, कीर्तनकाराचा घसा बसतो. माणसाच्या शरीराची मर्यादा हीच आवाजाची मर्यादा होती. ती मर्यादा विजेनें मोडली. १९१९ सालीं अमेरिकेंतील सॅन डिएगो शहरांत राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनीं ध्वनिक्षेपकांतून सुमारें पन्नास हजारांच्या समुदायापुढें भाषण केलें, तेव्हां एका माणसाचा आवाज किती दूर नेतां येतो हें जगास कळलें. यंत्राला घसा नाहीं, म्हणून त्याला थकवा नाहीं.

आमच्या लहानपणीं गांवांत लग्नघरीं कर्णा येई, तेव्हां आम्हां मुलांचा आनंद गगनांत मावत नसे. कर्णेवाला चिंचेवर चढून कर्णा बांधी, आणि तबकडीवरचें गाणें शिवारापर्यंत जाई. ज्याच्या घरीं कर्णा लागला, त्याच्या घरचें कार्य साऱ्या गांवास कळे, व त्यांत कोणास वावगें वाटत नसे. वर्षांतून चार दिवस एक कर्णा वाजणें आणि वर्षांतून साठ दिवस माणसाहून उंच पेट्यांची भिंत समोर उभी राहणें यांत मात्र जमीनअस्मानाचें अंतर आहे.

१९५१ सालच्या मुंबई पोलीस कायद्यांत शेजाऱ्याचा उल्लेख स्पष्टपणें आला. त्याच्या अडतिसाव्या कलमानें, जवळपास राहणाऱ्यांना उपद्रव होत असल्याची खात्री पटल्यास वाद्य किंवा आवाज बंद करविण्याचा अधिकार पोलीस आयुक्त व जिल्हाधिकारी यांस दिला. १९८७ सालीं हवेच्या प्रदूषणाविषयींच्या कायद्यांत दुरुस्ती होऊन गोंगाट हाही धुराप्रमाणें एक दूषित पदार्थच मानला गेला. पुढें १४ फेब्रुवारी २००० रोजीं केंद्र सरकारनें ध्वनिप्रदूषणाचे नियम जारी केले, आणि परवान्याचें स्वरूप पालटलें.

या नियमांप्रमाणें लेखी परवानगीशिवाय ध्वनिक्षेपक लावतां येत नाहीं, आणि रात्रीं दहापासून सकाळीं सहापर्यंत बंदिस्त सभागृहासारख्या जागा सोडून तो लावतांच येत नाहीं. २०१० सालीं या रात्रीच्या बंदींत वाद्यांचाही समावेश झाला. वस्तीच्या भागांत दिवसा ५५ व रात्रीं ४५ डेसिबल ही आवाजाची मर्यादा ठरली. डेसिबलचें गणित थोडें फसवें आहे. आंकडा दहानें वाढला कीं ध्वनीची शक्ति दहापट होते, वीसनें वाढला कीं शंभरपट. ४५ च्या जागीं ९५ झाले, तर ध्वनीची शक्ति दुप्पट न होतां एक लाखपट झालेली असते.

२००२ सालीं या नियमांत एक सवलत घालण्यांत आली. सांस्कृतिक किंवा धार्मिक उत्सवासाठीं वर्षांतून जास्तींत जास्त पंधरा दिवस, रात्रीं दहाऐवजीं बारापर्यंत ध्वनिक्षेपक लावूं देण्याची मुभा राज्य सरकारांना मिळाली. गणेशोत्सव, नवरात्र अशा प्रसंगीं मंडळांचे कार्यकर्ते ज्या वाढीव वेळेची वाट पाहतात, ती हीच. पण या सवलतीविषयीं एक गैरसमज सर्वत्र आढळतो. वाढवून मिळते ती वेळ. आवाज वाढविण्याचा परवाना त्यांत नसतो. ध्वनिक्षेपक लावलेल्या सार्वजनिक जागेच्या हद्दीवर त्या भागाच्या मर्यादेहून दहा डेसिबल अधिक किंवा ७५ डेसिबल, यांपैकीं जें कमी असेल त्यापलीकडे कोणालाच जातां येत नाहीं.

हे नियम कठोर आहेत असें वाटेल, त्यानें सर्वोच्च न्यायालयाच्या १८ जुलै २००५ च्या निकालामागील हकीकत वाचावी. १९९८ च्या जानेवारींत वर्तमानपत्रांत एक बातमी आली. तेरा वर्षांच्या एका मुलीवर अत्याचार होत असतां तिनें मदतीसाठीं फोडलेल्या किंकाळ्या शेजारीं लागलेल्या ध्वनिक्षेपकाच्या गोंगाटांत बुडून गेल्या. पुढें त्या मुलीनें स्वतःस जाळून घेतलें. ही बातमी वाचून एका अभियंत्यानें न्यायालयाचें दार ठोठावलें. बोलण्याचा हक्क प्रत्येकास आहे, तसाच न ऐकण्याचा हक्कही प्रत्येकास आहे, असें तत्त्व न्यायालयानें त्या निकालांत मांडलें. त्याच वर्षीं २८ ऑक्टोबरला पंधरा दिवसांची सवलत मात्र न्यायालयानें वैध ठरविली. कारण उत्सवप्रिय समाजास तेवढी मोकळीक असावी, पण तिला कुंपणही असावें.

या शांततेची किंमत कांहीं लोकांना मोजावी लागली, हें सांगितल्यावांचून हा इतिहास प्रामाणिक होणार नाहीं. पंडित भीमसेन जोशी यांच्या पुढाकारानें १९५३ सालीं पुण्यांत सुरू झालेला सवाई गंधर्व महोत्सव पूर्वीं रात्रभर चाले. मंडपांतून पहाटे बाहेर पडणाऱ्या रसिकांच्या कानांत ललत घुमत असे. दहाच्या बंदीनें तें सुख संपलें. मध्यरात्र उलटल्यावर रंगणारे राग घड्याळानें हिरावून घेतले. तमाशाच्या फडांचें दुःख याहून मोठें, कारण त्यांचें पोट रात्रीच्या खेळावर. आवाजाची भिंत उभारणाऱ्यांच्या पापाचा दंड तंबोऱ्याला आणि ढोलकीला भरावा लागला, असें मला आजही वाटतें.

मीं स्वतः असा अर्ज एकदां केला आहे. २००६ सालीं आमच्या प्राथमिक शाळेच्या पटांगणावर वर्धापनदिनानिमित्त गाण्याची बैठक ठरली, आणि वेळ बारापर्यंत वाढवून घेण्याचें काम माझ्याकडे आलें. अर्जांत मीं जागा, तारीख, खुर्च्यांची संख्या, सारें सुवाच्य अक्षरांत लिहिलें होतें. ठाण्यावरील अधिकाऱ्यांनीं तें वाचलें व म्हणाले, "गुरुजी, ही तारीख पंधरा दिवसांत बसत नाही. मला दहाच्या पुढे देता येणार नाही." मीं मालकंसाची थोरवी सांगूं लागलों. त्यांनीं शांतपणें विचारलें, "पटांगणाच्या मागं कोण राहतं?"

मला उत्तर ठाऊक होतें. माझ्याच एका विद्यार्थ्याची आई तेथें पक्षाघातानें अंथरुणाला खिळलेली होती. साऱ्या गांवाला निमंत्रणें वांटतांना तिला विचारावें हें मला सुचलें नव्हतें. परत येतांना मी तिच्याकडे गेलों. ती म्हणाली, "गुरुजी, गाणं मला आवडतं. पण दहाला बंद होईल ना? औषध घेतल्यावर लागली तर झोप तेवढ्यातच लागते." ठरल्याप्रमाणें दहाला ध्वनिक्षेपक बंद झाला. मग बुवा शाळेच्या एका खोलींत बसले, दारेंखिडक्या लावून घेतल्या, आणि ध्वनिक्षेपकाशिवाय मालकंस झाला. त्या खोलींत वीसपंचवीस माणसेंच मावलीं. जीं बाहेर राहिलीं, त्यांपैकीं कित्येकांनीं मला अद्याप क्षमा केलेली नाहीं.

मुंबई उच्च न्यायालयानें २०१६ सालच्या निकालांत, ध्वनिक्षेपक हा कोणत्याही धर्माचा आवश्यक भाग नाहीं, असें म्हटलें; आणि २०२५ च्या जानेवारींत, गोंगाटाची तक्रार करणाऱ्याचें नांव उघड करूं नये, असेंही बजावलें. हा दुसरा आदेश वाचून मला समाधान वाटलें आणि खेदही वाटला. लंडनचा गृहस्थ दारांत उभा राहून स्वतःच्या तोंडानें वादकास "पुढें जा" म्हणूं शकत होता. आमचा आजारी माणूस आपल्याच गल्लींतील मुलांस तेवढें सांगावयास भितो, म्हणून न्यायालयाला त्याचें नांव झांकावें लागतें. कायद्यानें दीडशें वर्षांत बटण शिपायाकडून ऐकणाऱ्याकडे आणलें, पण तें अंधारांत, लपवून हातीं दिलें.

उत्सव बंद पडावेत असें मी म्हणत नाहीं. मी स्वतः उत्सवांत वाढलों आहें. मंडळांच्या तरुण कार्यकर्त्यांना एका जुन्या शिक्षकाची एवढीच विनंति आहे, कीं अर्ज घेऊन ठाण्यावर जाण्याच्या आदल्या दिवशीं मंडपाच्या मागच्या चार घरांत जावें, आणि कोण आजारी आहे, कोणाची परीक्षा आहे, कोणाला तान्हें मूल आहे, तें विचारून यावें. अर्जाच्या कागदावर त्या घरांसाठीं रकाना नसला, तरी विचारण्यास कोणाची मनाई नाहीं.

माझी वेळ संपत आली. आपण इतका वेळ बटण फिरविलें नाहीं, याबद्दल आपला आभारी आहें.